पुण्यात खोली करून शिकताना: महिन्याचा खर्च नेमका कुठे वाचतो?

सदाशिव_४११०३० (धागाकर्ता)

नवे प्रवेश सुरू झाले की "पुण्यात महिन्याला किती लागतात?" हा प्रश्न येतोच. एक आकडा सांगून भागत नाही. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या खर्चात दीड-दोन हजारांचा फरक सहज पडतो, आणि तो काही चहा-वडापावमुळे पडत नाही. खोली कुठे घेतली, मेस कशी लावली, पास काढला का, विजेचे पैसे कुठल्या हिशोबाने देता, यात तो महिना उजाडायच्या आतच ठरलेला असतो. म्हणून या चार गोष्टींवर नीट माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा. ज्यांना जे पक्कं माहीत आहे त्यांनी भर घालावी.

सुरुवात खोलीपासून.

भाडं एकटं पाहू नका. भाडं, वीज, पाणी आणि कॉलेजला जायचा-यायचा खर्च मिळून जो आकडा होतो तो त्या खोलीचा खरा भाव. समजा कॉलेजपासून ९ किलोमीटरवरची कॉट (सामायिक खोलीतली एका माणसाची जागा) १,००० रुपयांनी स्वस्त मिळते आहे. गाडीवर रोज १८ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ४५० किलोमीटर. गाडी ४५ चा ॲव्हरेज देत असेल तर १० लिटर पेट्रोल. वाचवलेले हजार रुपये पेट्रोल पंपावर गेले, शिवाय रोजचा तास-दीड तास गेला तो वेगळाच. तीच लांबची खोली थेट बसच्या मार्गावर असेल तर मात्र हिशोब बदलतो.

कॉट बेसिसवर घेताना "सगळं धरून" या शब्दांवर विसंबू नका. लाइट बिल धरून की वेगळं, गिझर किती ते किती, पिण्याचं पाणी नळाचं की जार विकत घ्यावा लागेल, वायफाय कोणाचं, खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं आणि मे महिन्यात घरी गेल्यावर भाडं पूर्ण द्यायचं का, हे सहा प्रश्न विचारायचेच. शेवटच्या प्रश्नाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं आणि तिथेच एका महिन्याचं भाडं जातं.

चौघांनी मिळून फ्लॅट घेतला तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. एजंट करारासाठी पाच-सहा हजार सांगतात, म्हणून सरकारी खर्च किती येतो ते माहीत असलेलं बरं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्या एकूण भाड्यात मिळवतात. २४,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट, ११ महिने: २,६४,००० अधिक ५,५००, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण ६७५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. चौघांत वाटले तर माणशी सव्वाचारशेच्या आत. त्यावर एजंटाचं घरी येऊन अंगठे घेण्याचं शुल्क ठरवून द्या, पण आधी हे गणित त्याच्यासमोर मांडा.

डिपॉझिट आणि भाडं यूपीआयनेच द्या आणि शेरा लिहा: "ऑगस्ट भाडं", "डिपॉझिट". रोख दिलंत तर पावती मागा, कलम २६ नुसार ती देणं मालकाला बंधनकारक आहे. ताबा घेताना भिंती, नळ, गिझर, पंखे आणि विजेचं मीटर यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. डिपॉझिटमधून "रंगाचे", "नळाचे" म्हणून कापाकापी होते तेव्हा हे फोटोच कामाला येतात.

---

मोकळा_डबा

उत्तम धागा. मेसबद्दल लिहितो, कारण खोलीनंतर सगळ्यात मोठा खर्च तोच.

मेसचा भाव महिन्यावर काढू नका, पोटात गेलेल्या ताटावर काढा. दोन वेळची मेस म्हणजे ६० ताटं असं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी रविवारी रात्री बंद असते, म्हणून ५६ धरा. समजा ३,२०० रुपये भरले. ५६ जेवलात तर ताट ५७ रुपयांना पडलं. प्रॅक्टिकल लांबलं, मित्राबरोबर बाहेर खाल्लं, सुट्टीला गावी गेलात असं करत ३८ च ताटं झाली तर तेच ताट ८४ रुपयांना पडलं. तेवढ्या पैशात रोख थाळी मिळते. पहिल्या महिन्यात कॅलेंडरवर जेवलेल्या वेळांवर नुसत्या खुणा करा. ४५ च्या खाली येत असाल तर एक वेळची मेस लावा.

पैसे भरायच्या आधी खाड्याचा नियम विचारा. खाडे धरतात का, सलग किती दिवसांचे, आणि किती आधी सांगावं लागतं? बऱ्याच मेसमध्ये सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरत नाहीत. मग शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी परत येणाऱ्याला काहीच वजा मिळत नाही. अशांनी कूपनवाली मेस बघावी. कूपन थोडं महाग पडतं, पण त्याची मुदत दोन महिने असेल तर एकही फुकट जात नाही. खाड्याचे पैसे परत मिळतात की कार्डाची तारीख पुढे सरकते, हेही विचारून ठेवा. सत्र संपताना तारीख सरकून काही उपयोग नसतो.

महिन्याचे पैसे भरण्याआधी तीन वेळा सुट्टं ताट घेऊन जेवा, पण दिवस निवडून. रविवार दुपारची फीस्ट खाऊन मेस ठरवू नये. मंगळवार-बुधवारची रात्र आणि महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस, तेव्हा वरणाची घट्टाई आणि भाजीतलं बटाट्याचं प्रमाण खरं कळतं. साडेआठला एकदा आणि बंद व्हायच्या अर्धा तास आधी एकदा जा. उशिरा येणाऱ्याला भाजी उरते का, हे तुमच्या वेळापत्रकाशी जुळायला हवं.

---

नवीन_पाखरू

खूप उपयोगी माहिती. दादा, डबा लावावा की मेसला जाऊन जेवावं? आणि एक डबा दोघांत पुरतो असं ऐकलंय, ते कितपत खरं?

---

मोकळा_डबा

@नवीन_पाखरू, जाऊन जेवलं तर पोळ्या आणि भाजी परत वाढून मिळते. डब्यात मापात येतं. भूक जास्त असेल, खेळत असाल, तर मेस. अंतर एक किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर डबा, कारण पावसात जाणं होत नाही आणि मग बाहेरून मागवलं जातं.

एक डबा दोघांत पुरवायचा असेल तर पोळ्या जादा सांगा आणि भात खोलीवर लावा. डब्यातला भात असाही गार आणि गोळा झालेला असतो. बरेच डबेवाले भाताऐवजी दोन पोळ्या वाढवून देतात, तसं ठरवून घ्या. दोन वाट्या भाजी, एक वाटी आमटी, सहा-सात पोळ्या आणि खोलीवरचा १५० ग्रॅम तांदळाचा भात, एवढ्यात दोघांचं रात्रीचं जेवण होतं. आमटी कमी पडते, म्हणून मूठभर मूगडाळ शिजवून तिच्यात मिसळायची. दुपारी मात्र ज्याचा त्याचा पूर्ण डबा असू द्या. अर्धपोटी राहून चार वाजता कँटीनमध्ये समोसे खाल्ले तर काही वाचत नाही, तब्येत मात्र जाते.

---

घाटमाथा

विजेबद्दल. इथे फसवणुकीपेक्षा अज्ञानामुळे जास्त पैसे जातात.

महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: पहिली १०० युनिट सगळ्यात स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून बरीच महाग, पुढे आणखी. चौघांच्या फ्लॅटला २४० युनिट पडली तर १०० स्वस्त दराने आणि १४० वरच्या दराने. मालक सबमीटर लावून "युनिटला अमुक" असा सपाट दर घेतो तेव्हा त्याच्या मूळ बिलाची प्रत मागा. ग्राहक क्रमांक मिळाला तर बिल महावितरणच्या संकेतस्थळावर स्वतः पाहता येतं. एकूण बिल भागिले एकूण युनिट, हा तुमचा खरा सरासरी दर. सपाट दर त्याच्या आसपास असेल तर ठीक, फार वर असेल तर बोला. आकडा हातात घेऊन शांतपणे बोललं की बहुतेक मालक ऐकतात.

आता कशाला किती वीज लागते ते. १,००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की १ युनिट.

बादलीतला रॉड १,५०० वॅटचा. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४२ वर न्यायला साधारण ०.४ युनिट लागतं, म्हणजे १६ मिनिटं. लोक रॉड लावून दात घासायला जातात, अर्ध्या तासाने येतात, आणि कढत पाण्यात गार पाणी ओततात. दुप्पट वीज गेली. मोबाइलवर १६ मिनिटांचा गजर लावा. दोन सूचना मात्र जिवाच्या आहेत: रॉड बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, आणि रॉड बादलीच्या प्लास्टिकला टेकू द्यायचा नाही.

इंडक्शन शेगडी २,००० वॅटची असते, म्हणजे जवळपास ९ अँपिअर खेचते. टेबलाजवळचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा. त्यात अडॅप्टर घालून शेगडी चालवली की आठवडाभरात सॉकेट तपकिरी पडतो, वास येतो, आणि एक दिवस वितळतो. १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवाच. "मी ५०० वॅटवरच ठेवतो" हेही पुरेसं नाही, कारण अनेक स्वस्त शेगड्या कमी वॅटवर खरोखर कमी वीज घेत नाहीत. त्या जास्त वॅटवर काही सेकंद चालतात, काही सेकंद बंद राहतात. सॉकेटला ओझं पुन्हा तेवढंच.

आणि मालकाला विचारूनच शेगडी आणा. लपवून वापरणाऱ्याचं डिपॉझिट अडकतं.

---

पाटपाणी

@घाटमाथा, छोट्या गॅस सिलिंडरचं काय? इंडक्शनपेक्षा स्वस्त पडतो असं सगळे म्हणतात.

---

घाटमाथा

५ किलोचा अधिकृत सिलिंडर मिळतो, इंडियन ऑइलचा "छोटू" त्यातलाच. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र चालतं, म्हणून विद्यार्थ्यांच्या सोयीचा. पण त्याचा किलोमागे दर घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा जास्त असतो.

तुलना अशी करा. १ किलो गॅसमध्ये साधारण १२.८ युनिटांएवढी उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर त्यातली ५५ ते ६० टक्केच भांड्याला लागते, बाकी आजूबाजूला जाते. इंडक्शनवर साधारण ८५ टक्के लागते. म्हणजे १ किलो गॅसचं काम इंडक्शन ८ ते ९ युनिटांत करते. तुमच्या विजेच्या खऱ्या सरासरी दराला साडेआठने गुणा आणि गॅसच्या किलोच्या भावाशी लावून बघा. सबमीटरचा दर अवाच्या सवा असेल तरच गॅस परवडतो.

कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात भरून मिळतो तो गॅस घेऊ नका. ते बेकायदा आहे, वजन मोजलेलं नसतं, आणि त्या छोट्या टाकीची व्हॉल्व्ह तपासलेली नसते. बंद खोलीत हा धोका पत्करण्यासारखा नाही.

---

रातराणी

खोलीवर रात्रीचं जेवण करायचं असेल तर नेमकं काय आणि किती, ते सांगते. माझा सल्ला आहे पोळ्या करायच्या भानगडीत पडू नका. पीठ, तवा, पोळपाट, वेळ आणि मळलेला ओट्याचा कोपरा, हे सगळं धरलं तर पोळी-भाजी केंद्रातली सुटी पोळी परवडते. भाजी-आमटी-भात घरी, पोळी केंद्रातून.

भांडी: इंडक्शनला चालणारा ३ लिटरचा स्टीलचा कुकर, एक स्टीलचं खोल भांडं, एक छोटी लोखंडी कढई, एक जाळी. घेताना बुडाला चुंबक लावून पाहा, घट्ट चिकटलं तरच घ्या. घरून आणलेला साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. स्वस्तात मिळतो म्हणून तो घेणारे दर वर्षी दिसतात.

एका माणसाचा वरण-भात एकाच वेळी: ४० ग्रॅम तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. ती थेट कुकरमध्ये, १५० मिलिलिटर पाणी, चिमूटभर हळद, तेलाचे तीन-चार थेंब. त्यावर जाळी, जाळीवर वाडग्यात ७५ ग्रॅम तांदूळ आणि १५० मिलिलिटर पाणी. तेल विसरू नका. डाळीला फेस येतो, तो शिट्टीच्या भोकात जाऊन बसतो, आणि मग शिट्टीऐवजी पिवळं पाणी भिंतीवर उडतं. प्रत्येक वेळी शिट्टी काढून भोकातून उजेड दिसतो का ते पाहायचं.

इंडक्शनवर शिट्ट्या मोजून चालत नाही. गॅसपेक्षा वाफ लवकर धरते, पाच मिनिटांत तीन शिट्ट्या होतात आणि डाळ आतून कच्चीच. १,२०० वॅटवर पहिली शिट्टी येऊ द्या, मग सगळ्यात कमी आचेवर ८ ते १० मिनिटं ठेवून बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. डाळ बोटाने दाबली तर लोण्यासारखी व्हायला हवी. पाणी खारट किंवा जड असेल तर डाळ शिजत नाही, तिथे मूगडाळ किंवा मसूर वापरा, त्या भिजवल्याशिवायही शिजतात.

आठवड्यात तीन दिवस मटकी, मूग, चवळी, हरभरे. माणशी ५० ग्रॅम कोरडं कडधान्य पुरतं, भिजून-मोड येऊन दुपटीहून जास्त होतं. पालेभाज्या महाग असतात तेव्हा याच्याइतका स्वस्त आणि पोषक आधार दुसरा नाही.

रात्रीचं एकच जेवण, महिन्याचे २६ दिवस, एका माणसाचं वाणसामान असं: तांदूळ २ किलो, तूर आणि मूगडाळ मिळून ६०० ग्रॅम, कडधान्यं ६०० ग्रॅम, तेल ३०० मिलिलिटर, कांदे २ किलो, दाण्याचं कूट पाव किलो, गूळ १०० ग्रॅम, चिंच ५० ग्रॅम, गोडा मसाला ५० ग्रॅम, तिखट ५० ग्रॅम. नाश्त्याला जाडे पोहे पाऊण किलो. मसाल्यांची मोठी पाकिटं स्वस्त दिसतात, पण पावसाळ्यात रवा-पोह्यात जाळं धरतं आणि तिखटाच्या गुठळ्या होतात. टिकेल तेवढंच घ्या.

फ्रीज नसेल तर भात दोन वेळचा लावू नका. उन्हाळ्यात सकाळचा भात रात्री खाण्यासारखा राहत नाही, आणि पोट बिघडून औषधात गेलेले पैसे दहा जेवणांचे असतात. अंडी चौघांत मिळून ३० चा ट्रे घ्या, सुट्ट्यापेक्षा स्वस्त पडतो. उन्हाळ्यात अर्धाच. शंका आली तर पाण्यात टाका, तरंगलं ते फेका.

भाजी आठवड्यातून दोनदा, मंडईतून किंवा जवळच्या शेतकरी आठवडे बाजारातून, बाजार उठायच्या सुमारास. तेव्हा वाटे स्वस्त होतात. पण पालेभाजी त्या वेळी घ्यायची तर त्याच रात्री करायची.

---

बारा_गावचं_पाणी

खर्च वाचवण्याआधी जे पैसे आपल्या हक्काचे आहेत ते घ्या. दर वर्षी कितीतरी जण केवळ माहिती नसल्यामुळे राहून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना, शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, ठाणे, नागपूर इथे वर्षाला ६०,००० रुपये: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आणि ज्या शहरात शिकता तिथले रहिवासी नसावेत. याच धर्तीवर अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. खुल्या गटातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघावी.

मुलींसाठी महत्त्वाचं: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांत, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे.

अडतं कुठे ते सांगतो. पैसे आधारवर येतात, तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर नव्हे. बँकेत आधार "लिंक" असणं वेगळं आणि "सीडिंग" वेगळं. लिंक कितीही खात्यांना असतं, सीडिंग एकाच खात्याला. आठवीत शाळेने काढून दिलेलं गावातलं खातं सीड असेल तर शिष्यवृत्ती तिथे जाते, आणि ते खातं बंद असेल तर परत फिरते. आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" बघा, चुकीचं असेल तर हव्या त्या बँकेच्या शाखेत सीडिंगचा अर्ज द्या.

दुसरं: महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या अर्जांचं सरकारी संकेतस्थळ) अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला, मग विभागाच्या लॉगिनला जातो. पंधरा दिवसांनी स्थिती बघा. कॉलेज स्तरावर पडून असेल तर अर्ज क्रमांक घेऊन शिष्यवृत्ती विभागात जा. त्रुटीसाठी परत आला असेल तर मुदतीच्या आत दुरुस्त करावा लागतो. दुसऱ्या वर्षी नवा अर्ज नको, नूतनीकरण हवं. उत्पन्नाचा दाखला मे-जूनमध्येच काढा, ऑगस्टमध्ये सेतूत रांगा असतात.

ही रक्कम हप्त्यांनी येते आणि कधी येईल ते आपल्या हातात नसतं. भाड्याचा भरवसा तिच्यावर ठेवू नका.

राहण्यासाठी विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत, १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी चालतात. निकाल लागताच अर्जाची चौकशी करा. विद्यापीठ आणि संलग्न महाविद्यालयांत "कमवा व शिका" आहे, विद्यार्थी विकास विभागात नाव नोंदवायचं. तासांवर मानधन, आणि काम आवारातच, त्यामुळे तासिका बुडत नाहीत.

---

पाटपाणी

फार मोलाचा प्रतिसाद. प्रवासाचं मी लिहितो.

पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, पास सरसकट काढू नका. पासची किंमत भागिले रोजचं तिकीट, म्हणजे पास किती दिवसांत फिटतो ते कळतं. पास ७५० चा आणि रोजचे दोन्ही वेळचे ४० रुपये असतील तर १९ व्या दिवशी फिटतो, पुढचं फुकट. पण तिकीट दहाचं असेल, रोज २०, तर महिन्यात फिटतच नाही. त्यात अंतर दोन-अडीच किलोमीटर असेल तर जुनी सायकल. दिवाळीच्या आणि परीक्षेच्या महिन्यात पासची तारीख बघून काढा, वीस दिवस घरी जाणार असाल तर रोजची तिकिटं बरी.

पुणे मेट्रोत विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे, पण त्यासाठी विद्यार्थी कार्ड हवं. बोनाफाइड आणि ओळखपत्र घेऊन स्थानकावर चौकशी करा.

गावी जाताना: महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व बसमध्ये राज्याच्या हद्दीत अर्धं तिकीट. रोज एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे एक तृतीयांशच भरायचं. सासवड, राजगुरुनगरसारख्या ठिकाणी घर असेल तर पुण्यात खोली घ्यायच्या आधी हा हिशोब जरूर करा. तळेगाव-लोणावळ्याच्या बाजूने लोकलचा विद्यार्थी सिझन पास निम्म्यात.

रेल्वेने सुट्टीत घरी जाताना द्वितीय आणि शयनयान श्रेणीत ५० टक्के सवलत आहे. कॉलेजच्या कार्यालयातून सवलतीचा फॉर्म शिक्क्यासकट घ्यायचा आणि आरक्षण खिडकीवर द्यायचा. ऑनलाइन ही सवलत मिळत नाही. नागपूर, अमरावती, लातूरकडच्यांनी दिवाळीचं तिकीट काढायच्या आधीच फॉर्म हातात ठेवावा.

---

सदाशिव_४११०३०

सगळ्यांचे आभार, धागा समृद्ध झाला. पुस्तकं आणि मोबाइल राहिले, थोडक्यात.

अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात, पण आधी कॉलेजच्या ग्रंथालयात "बुक बँक" आहे का विचारा. सत्राचा अख्खा संच मिळतो. जुनं घेताना अभ्यासक्रमाचा पॅटर्न बघा. पॅटर्न बदलला असेल तर तेच नाव, तोच लेखक, पण दोन प्रकरणं वेगळी. परत घेणार का, कितीला, हे घेतानाच ठरवा आणि पेनाने खुणा करू नका.

३०० पानांची पीडीएफ झेरॉक्सला देताना एका बाजूला दोन पानं आणि पाठपोट सांगा, ७५ कागद होतात. आधी एक पान छापून अक्षर वाचता येतं का ते बघा. स्कॅन केलेल्या पुस्तकात कडेचा काळा पट्टा असतो, तो कापून घेतला तर अक्षर मोठं येतं.

खाजगी अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे भरण्याआधी महापालिकेच्या अभ्यासिका आणि कॉलेजचा वाचन कक्ष बघा. वाचन कक्षाचे पैसे फीमध्ये भरलेलेच असतात.

मोबाइलचा "महिन्याचा" प्लॅन २८ दिवसांचा असतो, वर्षाला १३ वेळा भरावा लागतो. दर कंपनीला ३० दिवसांचा एक तरी प्लॅन ठेवावा लागतो, तो ॲपमध्ये खाली असतो. खोलीवर वायफाय असेल तर रोजच्या दोन जीबीची गरज नाही, कमी डेटाचा लांब मुदतीचा प्लॅन घ्या.

---

नवीन_पाखरू

रातराणीताई, मटकीला मोड आणायला गेलं की चिकट होते आणि वास येतो. भिजवून फडक्यात बांधून ठेवते, तरी. काय चुकतं?

---

रातराणी

पाणी निथळत नाही, एवढंच. ८ ते १० तास भिजल्यावर दोनदा स्वच्छ पाण्याने धुवायची, मग चाळणीत दहा मिनिटं तशीच ठेवायची. फडकं ओलं करून घट्ट पिळून घ्यायचं, पाणी टपकता कामा नये. पुरचुंडी सैल बांधायची, मटकीला फुगायला जागा हवी, आणि चाळणीतच ठेवायची, म्हणजे खालून हवा लागते. डब्यात झाकण लावून ठेवली की घाम धरते आणि बुळबुळीत होते.

उन्हाळ्यात १० तासांत मोड येतात, मध्ये एकदा उघडून धुवून पुन्हा बांधायची. थंडीत १८ तासही लागतात, तेव्हा पुरचुंडी रिकाम्या कुकरमध्ये ठेवायची. भिजवायच्या आधी खडे आणि फुटके दाणे निवडून काढ. फुटक्या दाण्याला मोड येत नाही, तो कुजतो, आणि वास त्याचाच असतो.

सकाळी कॉलेजला जाताना भिजत घातलीस तर रात्री बांधायची, दुसऱ्या दिवशी रात्री उसळ.